इंग्रजी भाषेचा अभ्यास : भीती घालवा, सराव वाढवा

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली मुले-मुली पंचाहत्तर-ऐंशी टक्के गुण मिळवतात, मंडळातर्फे त्यांचा सत्कार होतो, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. परंतु सहा महिन्यांनंतर त्याच विद्यार्थ्यांची चौकशी केली तर वेगळेच चित्र दिसते. अकरावी विज्ञान शाखेत सर्व विषय एकदम इंग्रजीतून सुरू झालेले असतात. कालपर्यंत 'वेग', 'त्वरण', 'आम्ल', 'पेशी' हे शब्द ज्याच्या जिभेवर होते, त्याच्या कानावर आज 'व्हेलॉसिटी', 'ॲक्सिलरेशन', 'ॲसिड', 'सेल' हे शब्द आदळत असतात. विषय त्याला येतो, पण भाषा येत नाही. शंका असते, पण ती इंग्रजीतून विचारायची कशी, म्हणून तो गप्प बसतो. पुढे कोणी शाखा बदलतो, कोणी नापास होतो, कोणी शिक्षणच सोडतो. आणि घरचे म्हणतात, 'पोराची बुद्धी तेवढीच होती.'

हे खरे नाही. येथे बुद्धी कमी पडलेली नसते, भाषेचा सराव कमी पडलेला असतो. बुद्धी कोणी कोणाला देऊ शकत नाही, पण सराव मात्र कोणालाही करता येतो. प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांनी इंग्रजी कसे शिकावे, आहे ते कसे सुधारावे आणि त्यासाठी आपण समाज म्हणून काय करू शकतो, याचा विचार आम्ही करणार आहोत.

१. इंग्रजी हा नुसता विषय नव्हे, ते कौशल्य आहे

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. सन २००० पासून ते पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे आजचा विद्यार्थी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतो. तरीसुद्धा त्याला चार वाक्ये सरळ बोलता येत नाहीत, याचे कारण काय? साधा हिशेब करून पाहू. तास पस्तीस मिनिटांचा आणि वर्गात साठ मुले. शिक्षकांनी संपूर्ण तास मुलांना बोलण्यासाठी दिला, तरी एकेका मुलाच्या वाट्याला अर्धे मिनिटच येते. प्रत्यक्षात तास जातो धडा वाचण्यात, त्याचा मराठी अर्थ सांगण्यात आणि प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात. विद्यार्थी इंग्रजीविषयी ऐकतो, पण इंग्रजी वापरत नाही.

पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणाला पोहता आलेले नाही. सायकलचे सुटे भाग ओळखता आले म्हणून सायकल चालविता येत नाही. भाषेचेही तसेच आहे. इतिहासाच्या सनावळ्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करता येतील, पण भाषा एका रात्रीत पाठ होत नाही. ती रोज थोडी थोडी अंगात मुरावी लागते. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास दिलेला केव्हाही चांगला. हे एक सूत्र ज्याने मनावर घेतले, त्याचा निम्मा मार्ग सोपा झाला असे समजावे.

२. चुका का होतात?

इंग्रजी बोलताना चूक झाली की वर्गात हशा पिकतो. एकदा हसू झालेला मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून चूक म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की, शिकणाऱ्याच्या चुका या त्याच्या अज्ञानाचा पुरावा नसून तो भाषेचे नियम कसे शोधीत आहे याची ती खूण आहे. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी सांगितले की, शिकणारा माणूस मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या दरम्यान स्वतःची एक मधली भाषा तयार करतो. सराव वाढत जातो तसतशी ही मधली भाषा नव्या भाषेच्या जवळ सरकत जाते.

मराठी विद्यार्थ्यांच्या चुका पाहिल्या तर त्यांतील बऱ्याच मराठीच्या वळणाने झालेल्या दिसतात. काही उदाहरणे देतो.

(अ) मराठीत क्रियापद शेवटी येते : 'मी आंबा खातो.' इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते : 'आय ईट अ मँगो.' त्यामुळे विद्यार्थ्याने मराठी वाक्य मनात जुळवून शब्दाला शब्द ठेवला की वाक्य उलटेसुलटे होते.

(आ) मराठीत आपण म्हणतो, 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो.' क्रियापद साध्या वर्तमानकाळाचे आहे. म्हणून विद्यार्थी लिहितो, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.' योग्य वाक्य आहे, 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.' मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत 'हॅव' लागतो. शिवाय मराठीत 'पाच वर्षांपासून' आणि '२०२० पासून' या दोन्हींना 'पासून' हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत किती काळ हे सांगताना 'फॉर' आणि केव्हापासून हे सांगताना 'सिन्स' असा भेद आहे.

(इ) मराठीत 'तू कुठे राहतोस?' असे सरळ विचारता येते. इंग्रजीत प्रश्नाला 'डू' किंवा 'डझ' ची जोड लागते : 'व्हेअर डू यू लिव्ह?' मराठीत असे काही नसल्यामुळे तो 'डू' हमखास गळतो.

(ई) 'आम्ही या विषयावर चर्चा केली' यातील 'वर' इंग्रजीत नेला की 'वुई डिस्कस्ड ऑन धिस टॉपिक' असे चुकीचे वाक्य तयार होते. 'डिस्कस' या क्रियापदाला असा कोणताही शब्द जोडावा लागत नाही. 'वुई डिस्कस्ड धिस टॉपिक' एवढेच पुरे.

(उ) 'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे मराठीत नाहीत. त्यामुळे ती एकतर गळतात किंवा नको तेथे येतात. 'ही गोज' मधील शेवटचा 'ज' असाच गळतो. हा तर जगातल्या कितीतरी भाषांचे विद्यार्थी फार उशिरा आत्मसात करतात. तेव्हा त्यावरून कोणाला मंद ठरविणे योग्य नाही.

ही यादी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. आपल्या चुकांना कारण असते आणि कारण कळले की चूक सुधारता येते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर 'माझ्या चुका' असा मथळा घालून स्वतःच्या नेहमीच्या पाच-सहा चुका योग्य वाक्यासह लिहून ठेवाव्यात. एका महिन्यात एकच चूक घालविण्याचा निश्चय करावा.

३. सोपे वाचा, भरपूर वाचा

'इंग्रजी सुधारायचे तर रोज इंग्रजी पेपर वाच,' असा सल्ला आपली वडीलधारी मंडळी देतात. हेतू चांगला आहे, परंतु नवशिक्या विद्यार्थ्यासाठी हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हे दोन हजार शब्द येत असतील तर सर्वसाधारण मजकुरातील शंभरपैकी सुमारे ऐंशी शब्द ओळखीचे निघतात. ऐकायला हे बरे वाटते. पण याचा दुसरा अर्थ असा की, प्रत्येक पाचवा शब्द अडतो. पाचव्या शब्दाला ठेच लागत असेल तर अर्थ कसा लागणार? शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचे तर आठ ते नऊ हजार मूळ शब्द व त्यांची रूपे यावी लागतात. आठवडाभरात विद्यार्थी पेपर बाजूला ठेवतो आणि आपल्याला इंग्रजी जमणार नाही असा ग्रह करून घेतो, याचे कारण हेच आहे.

मग वाचावे काय? आपल्या पातळीपेक्षा किंचित सोपे वाटेल ते वाचावे. एक साधी कसोटी सांगतो. पुस्तकाचे कोणतेही एक पान उघडा. त्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक तूर्त ठेवून द्या आणि सोपे घ्या. अकरावीच्या विद्यार्थ्याने सहावीचे इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचण्यात कमीपणा मानू नये. बालभारतीची पुस्तके आता इंटरनेटवर मोफत मिळतात. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था मुलांसाठी स्वस्त आणि चांगली पुस्तके काढीत आल्या आहेत. प्रथम बुक्सच्या २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या पाडलेल्या गोष्टी विनामूल्य आहेत. त्यांतील अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठीत वाचून मग तीच गोष्ट इंग्रजीत वाचली की अर्थासाठी अडावे लागत नाही.

गोष्टींच्या पुस्तकांनी काय होते, याचे एक उत्तम उदाहरण पॅसिफिक महासागरातील फिजी या बेटांच्या देशात पाहायला मिळाले. तेथील खेड्यांतील मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी बोलली जाते आणि इंग्रजी ही शाळेत शिकण्याची भाषा असते. शाळांत पुस्तके फार थोडी होती. १९८० मध्ये वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या दोन अभ्यासकांनी आठ ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे चित्रमय गोष्टींची पुस्तके दिली आणि रोज वीस ते तीस मिनिटे ती वाचायला लावली. तुलनेसाठी इतर शाळांत नेहमीच्या पाठ्यक्रमानेच शिकविणे चालू ठेवले. आठ महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचन आणि श्रवण यांतील प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झालेली आढळली. दुसऱ्या वर्षी हा फायदा लेखनातही दिसून आला. तेथे ना महागडी शिकवणी होती, ना परदेशी शिक्षक. कपाटभर गोष्टी आणि रोजची वीस मिनिटे एवढेच त्यांचे भांडवल होते. आपल्या समाजाने यापासून बोध घ्यावा असे आम्हाला मनापासून वाटते.

४. शब्द कसे साठवावेत?

शब्दकोश पाठ करू नये. रोज पाच शब्द घ्यावेत, तेही आपण वाचलेल्या मजकुरातूनच. वर्षातले तीनशे दिवस हा नेम पाळला तर पंधराशे शब्द होतात. शब्द सुटा लिहू नये, तो ज्या वाक्यात आला ते वाक्यही लिहावे. 'मेक' म्हणजे 'करणे' आणि 'डू' म्हणजेही 'करणे' एवढे पाठ करून भागत नाही. चूक 'मेक' करतात आणि गृहपाठ 'डू' करतात, हे वाक्यातूनच कळते.

आता प्रश्न विसरण्याचा. जर्मन अभ्यासक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले आपण सुरुवातीला फार झपाट्याने विसरतो आणि अंतराअंतराने उजळणी केली तर ते टिकते. म्हणून आज लिहिलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने आणि मग महिन्याने पाहावा. यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची छोटी पत्ती कापावीत. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ व वाक्य लिहावे. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे करावेत. शब्द आठवला की पत्ता पुढच्या कप्प्यात टाकावा, नाही आठवला तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे क्रमाने अधिक दिवसांनी. जर्मनीचे सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचविलेली ही पद्धत आहे आणि तिला खर्च असा नाहीच.

शब्दकोश मात्र हाताशी हवा. सुरुवातीला इंग्रजी-मराठी कोश वापरावा. शब्दसंग्रह वाढला की इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणाऱ्या कोशाकडे वळावे. ए. एस. हॉर्नबी यांनी इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी जपानमध्ये तयार केलेला कोश १९४२ साली निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. आता मोबाइलवर शब्दाचा उच्चारही ऐकता येतो. ही सोय आधीच्या पिढीला नव्हती.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि त्यानंतर कॉलेज सुरू होईपर्यंत काही महिने हाती असतात. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मराठी संज्ञेपुढे इंग्रजी संज्ञा दिलेली असते. या सुट्टीत त्या संज्ञांची एक वही तयार करावी आणि त्या मोठ्याने वाचाव्यात. ज्या संकल्पना मराठीत समजल्या आहेत त्यांना फक्त नवे नाव द्यायचे आहे. एवढे काम केलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या दिवशी परका राहणार नाही.

५. ऐकणे आणि उच्चार

मराठी जशी लिहिली जाते तशी बहुतांशी वाचली जाते. इंग्रजीत तसे नाही. अक्षरे सव्वीस आणि प्रमाण ब्रिटिश इंग्रजीतले ध्वनी सुमारे चव्वेचाळीस, त्यामुळे एकाच अक्षरावर अनेक ध्वनींचा भार पडतो. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे 'दो', 'थ्रू', 'टफ' आणि 'कॉफ' या चार शब्दांत चार तऱ्हांनी वाचली जातात. तेव्हा शब्द डोळ्यांनी शिकण्याआधी कानांनी शिकावा.

मराठीत 'व' एकच आहे. इंग्रजीत दोन आहेत. एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून होणारा, 'व्हेस्ट' मधला, आणि दुसरा ओठांचा चंबू करून होणारा, 'वेस्ट' मधला. आरशासमोर उभे राहून हे दोन्ही दहा-दहा वेळा म्हटले की फरक कळतो. 'जीवन' आणि 'जहाज' यांतला 'ज' वेगळा आहे हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, मग इंग्रजीतले असे भेदही आपल्याला जमण्यासारखेच आहेत.

त्याहून महत्त्वाचा आहे आघात. इंग्रजी शब्दातील एका अवयवावर जोर असतो आणि तो चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या 'फो' वर, 'फोटोग्राफर' मध्ये 'टॉ' वर आणि 'फोटोग्राफिक' मध्ये 'ग्रा' वर पडतो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर आरंभी आणि क्रियापद असेल तर शेवटी. इंग्रजांसारखा किंवा अमेरिकनांसारखा उच्चार काढण्याची काहीच गरज नाही. आपले बोलणे दुसऱ्याला स्पष्ट समजले पाहिजे, एवढे पुरे.

सरावासाठी आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या किंवा मोबाइलवरील दोन मिनिटांचा सोपा उतारा घ्यावा. पहिल्यांदा नुसता ऐकावा. दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून ऐकावा. तिसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच लयीत मोठ्याने म्हणावा. एकच उतारा तीन दिवस ऐकला तरी चालेल. रोज नवा आणि अर्धवट समजलेला उतारा ऐकण्यापेक्षा ते अधिक हिताचे आहे.

६. बोलल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय येत नाही

नुसते वाचले आणि ऐकले म्हणजे बोलता येईल काय? कॅनडामध्ये इंग्रजी घरांतील मुलांना फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिकविण्याचा मोठा उपक्रम झाला. अनेक वर्षे रोज फ्रेंच ऐकून मुलांना ती भाषा फार चांगली समजू लागली, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहून गेल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे कारण सांगितले. या मुलांना स्वतः बोलण्याची, आणि तेही नेमकेपणाने बोलण्याची, पुरेशी वेळ आलीच नव्हती. तोंडातून वाक्य काढताना आपल्याला काय येत नाही हे कळते आणि शिकणे तेथून पुढे सरकते.

म्हणून दोघे-तिघे मित्र किंवा मैत्रिणी मिळून बोलण्याचा सराव करावा. 'माझे गाव', 'आज मी काय वाचले' असा सोपा विषय घ्यावा. प्रथम चार मिनिटे बोलावे, मग तेच दुसऱ्या मित्राला तीन मिनिटांत सांगावे, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. तिसऱ्या वेळी आपली जीभ किती मोकळी झाली याचे विद्यार्थ्याला स्वतःलाच नवल वाटेल. कोणी बोलत असताना मध्येच चूक काढू नये आणि हसू तर मुळीच नये. बोलणे संपल्यावर एक किंवा दोनच चुका सांगाव्यात.

लेखनासाठी रोज रात्री इंग्रजीत पाच ओळी दैनंदिनी लिहावी. मोठे शब्द शोधत बसू नये. छोटी, सरळ, स्वतःची वाक्ये लिहावीत. मार्गदर्शकातील तयार निबंध उतरवून गुण मिळतील, पण मुलाखतीच्या खोलीत तो मार्गदर्शक सोबत येत नाही.

७. व्याकरण कितपत?

आधीच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन वाक्यांमागून वाक्ये भाषांतरित केली. त्यातून अनेकांचे व्याकरण पक्के झाले, पण पुष्कळांचे बोलणे अडखळतच राहिले. याच्या दुसऱ्या टोकाचा प्रयोग आपल्याच देशात झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर व मद्रास येथील काही शाळांत व्याकरणाचे धडे न देता मुलांना इंग्रजीतून कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी शोधणे, नकाशावरून वाट सांगणे, हिशेब सोडविणे अशी ती कामे होती. लक्ष कामाकडे असले की भाषा त्यासोबत शिकली जाते, असा त्यांचा विचार होता. या प्रयोगाचे मूल्यमापन झाले तेव्हा निष्कर्ष अनुकूल, पण सावध स्वरूपाचे निघाले.

आमचे मत असे की, व्याकरण औषधासारखे घ्यावे, अन्नासारखे नव्हे. वाचन, श्रवण आणि बोलणे हे रोजचे अन्न. जेथे तीच चूक वारंवार होते तेथे व्याकरणाच्या पुस्तकातील तेवढाच नियम पाहावा, त्याची दहा वाक्ये स्वतःच्या जीवनातून तयार करावीत आणि पुस्तक मिटवावे.

८. इंग्रजीसाठी मराठी सोडायची काय?

मुळीच नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, पण धरला तो मराठी कवितेतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत काढली, आणि त्याच काळात, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत लंडनहून प्रसिद्ध झाला. लोकांशी बोलताना लोकांची भाषा आणि जगाशी बोलताना जगाची भाषा, असा तो मार्ग होता. ज्याला मराठीत मुद्देसूद विचार करता येतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द आणि रचना शिकायच्या असतात. ज्याची कोणतीच भाषा पक्की नाही, त्याची अवस्था मात्र कठीण होते. पालकांनी केवळ इतरांचे पाहून मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आणि घरी विचारायला कोणी नसले, तर मूल दोन्हीकडून उपाशी राहते, हे ध्यानात घ्यावे.

९. रोजचा पाऊण तास

विद्यार्थी मित्रहो, वर सांगितलेले सर्व एका पाऊण तासात बसते. वीस मिनिटे सोपे वाचन, दहा मिनिटे ऐकणे व मागोमाग म्हणणे, पाच मिनिटे शब्दांची पत्ती आणि दहा मिनिटे दैनंदिनी किंवा मित्राशी बोलणे. हे शंभर दिवस करून पाहा. पहिल्या दिवशी लिहिलेले पान जपून ठेवा आणि शंभराव्या दिवशी त्याच विषयावर पुन्हा लिहून दोन्ही पाने शेजारी ठेवा. प्रगती झाली की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज उरणार नाही.

१०. मंडळाने आणि सभासदांनी काय करावे?

ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात आहे, त्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसते, पुस्तकांचे कपाट नसते आणि एका खोलीत अभ्यासाला कोपराही नसतो. तेव्हा सर्व भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. मंडळांनी आपल्या सभागृहात किंवा विहाराच्या एका खोलीत पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची सूचना आहे.

सोप्या इंग्रजी गोष्टींच्या शंभर पुस्तकांचे एक कपाट करावे. सत्कारात शाल-श्रीफळाऐवजी एक शब्दकोश द्यावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास बोलण्याचा वर्ग चालवावा आणि तेथे चुकीला हसायचे नाही असा नियम भिंतीवर लावावा. बँकेत, कार्यालयांत, शाळांत नोकरी करणाऱ्या आणि निवृत्त झालेल्या सभासदांनी महिन्यातून एक संध्याकाळ या वर्गाला द्यावी. आपले इंग्रजी अगदी निर्दोष असले पाहिजे असे नाही, सोबत बसणारा वडीलधारा माणूस हाच मोठा आधार असतो. दहावीची परीक्षा संपताच पुढच्या काही महिन्यांत संज्ञांचा वर्ग घ्यावा. मुलींना संध्याकाळी येणे सोयीचे नसेल तर त्यांच्यासाठी दुपारची वेळ ठेवावी. या कामाला देणगीपेक्षा नियमितपणा जास्त लागतो.

इंग्रजी ही कोणाच्या जन्माबरोबर आलेली मिरासदारी नाही. ती सवयीने येणारी गोष्ट आहे. जी मुले आज वर्गाच्या शेवटच्या बाकावर शंका मनात ठेवून गप्प बसली आहेत, त्यांच्या हाती एक सोपे पुस्तक आणि त्यांच्या शेजारी ऐकून घेणारे एक माणूस आपण देऊ शकलो, तर पुढच्या वर्षी ज्यांचा सत्कार करू ती मुले त्यानंतरच्या वर्षीही कॉलेजात दिसतील. हे काम येत्या रविवारपासून सुरू करण्यासारखे आहे.